खालचा सूर

काकू प्रवचनात मध्येच गायला लागल्या, तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. कौतुकानंच हसले. पाळकसाहेब पश्चात्तापावर बोलत होते. त्यांनी आवाज अगदी खाली आणला होता, दोघी-तिघींनी रुमालही काढले होते. आणि नेमकं त्याच वेळी तिसऱ्या बाकावरून काकूंनी लग्नाचं गीत धरलं. वधूवरांना आशीर्वाद मागणारं, चांगलं ठसक्यात म्हणायचं गीत. पाळकसाहेब थांबले, हसले आणि म्हणाले, "काकूंच्या मते प्रवचन आता आवरायला हवं." सगळं चर्च खळखळून हसलं.

टेलरकाका तेवढे हसले नाहीत. त्यांनी बायकोच्या मनगटावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसल्या आणि दुसरं कडवं सुरू केलं.

टेलरकाकांना सगळेच टेलरकाका म्हणत. बाजाराच्या टोकाला एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा दुकान गेलं आणि मशीन घराच्या खिडकीशी आलं. खांद्यांवरून माणूस ओळखायची त्यांना खोड होती. कोणाचा एक खांदा खाली दिसला की म्हणत, "याच्या मनावर कसलं तरी ओझं आहे," आणि बहुतेक वेळा त्या माणसाच्या हातात नुसती भाजीची पिशवी असे. चर्चमध्ये ते 'वडील' होते, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जुन्याजाणत्यांपैकी एक. "घरी एकाच मुलीचा बाप, पण इथे पाळकसाहेबांचासुद्धा वडील," हा त्यांचा ठरलेला विनोद. नवा माणूस मंडळीत आला की त्याला तो एकदा तरी ऐकावाच लागे.

वडील म्हणून त्यांची दोन कामं होती. रविवारी शास्त्रपाठ वाचायचा हे एक. दुसरं काम कोणाला फारसं दिसत नसे. प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना संपली, की पाळकांनी आशीर्वाद दिलेली थोडी भाकर आणि बाटलीत थोडा द्राक्षरस घेऊन ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जात. मंडळीत असे चार-पाच जण नेहमी असायचे. एक जाई, दुसरा येई. गेली काही वर्षं त्यांत तारमास्तर होते. तारखात्यात उभं आयुष्य काढलेले, बायको-मूल नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहणारे. पाय गेलेले, कानही गेल्यातच जमा. शेजारीण डबा आणून ठेवी, तेवढीच जाग. टेलरकाका जिना चढायला लागले की तारमास्तरांना पायऱ्यांचा हादरा कळायचा, आणि ते आतूनच ओरडायचे, "उशीर झाला! रस आंबला असेल!"

आणि काकू गायनसंघात होत्या. वरचा सूर त्यांनी कधीच गायला नाही. त्यांचा सूर खालचा. मुख्य चालीच्या बुडाशी चालणारा, एकट्यानं ऐकला तर कंटाळवाणा वाटेल असा. लग्नाच्या आधी टेलरकाका गायनसंघाचे झगे शिवायला मापं घ्यायला गेले, तेव्हा सराव चालू होता. एका मुलीला खोकल्याची उबळ आली, ती बाहेर गेली, आणि सगळं गाणं एकदम पातळ झालं. टेप हातात तशीच धरून टेलरकाका दाराकडे बघत राहिले. ती परत आली, गाणं पुन्हा भरलं. "तुझं माप तेवढं दोनदा घेतलं मी," असं ते लग्नानंतर तिला सांगत. ती म्हणे, "तरी झगा घट्टच झाला होता."

आजार आला तो चोरपावलांनी. आधी नावं गेली, मग वार गेले, मग मुलीचं घर कुठल्या गावी आहे ते गेलं. गाणी राहिली. "गाणी सगळ्यात शेवटी जातात," डॉक्टर म्हणाले. दिलासा म्हणूनच म्हणाले.

तर पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी थोडे हसले. मग नुसतेच मागे वळून बघायला लागले. काकू दिवसेंदिवस मोकळ्या होत चालल्या होत्या. प्रार्थनेत सगळे मान खाली घालून गप्प बसले की त्या मोठ्यानं विचारत, "एवढं काय झालंय? कोण गेलं?" एकदा पाळकसाहेबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला कोणीतरी पाणी द्या, केव्हाचा बोलतोय." आपण हसावं की नाही हे टेलरकाकांना कळेना. पूर्वीच्या काकूंनी हे मनातल्या मनात म्हटलं असतं, आणि घरी येऊन त्यांना सांगितलं असतं.

त्यातच चर्चनं उपासना फोनवर थेट दाखवायला सुरुवात केली होती. दूर गेलेली मुलं, आजारी माणसं घरबसल्या बघत. पाळकसाहेबांसमोरच्या माइकमध्ये काकूंचा आवाज हमखास शिरायचा.

एका संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळीचे सेक्रेटरी घरी आले. पाळकसाहेब वयानं लहान, मनानं चांगले. त्यांचे दोन्ही खांदे सारखे आहेत असं टेलरकाकांचं मत होतं. सेक्रेटरी इंजिनियर होता. लहानपणी रविवारच्या शाळेत तो काकू शिकवायच्या त्याच वर्गात बसायचा. चहा झाला. हवापाण्याचं बोलून झालं.

"काका, तक्रार कोणीच केलेली नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"मग आलात कशाला?"

पाळकसाहेब कपाकडे बघत राहिले. सेक्रेटरीनं घसा साफ केला. "ती मागची बाळखोली आहे ना, काका. काचेची. लहान मुलं रडली की आया जिथे बसतात ती. तिथे आपण नवा स्पीकर बसवलाय. आतून सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. काकूंना हवं तेवढं गाता येईल."

"आणि बाहेर ऐकू येणार नाही."

"तसं नाही, काका."

"तसंच आहे रे. पण ठीक आहे."

काकू दारात उभ्या राहून सेक्रेटरीकडे टक लावून बघत होत्या. "हा कोणाचा?" त्यांनी विचारलं. "याला पाठ येत नाही. याला पुढे बसवा." सेक्रेटरीचा चेहरा पडला, आणि टेलरकाकांना त्याचीच कीव आली.

पुढच्या रविवारपासून ते दोघं बाळखोलीत बसायला लागले. छोट्या खुर्च्या, गुडघ्याएवढं टेबल, भिंतीवर रंगीत हत्ती. टेलरकाका कोट घालूनच जात, कारण वडिलांनी कोट घालायचा असतो. शास्त्रपाठाच्या वेळी पूर्वी ते बाकावरून उठून पुढे जात. आता उठले तरी काकूंना धरणारं कोणी नसे. पहिल्या रविवारी त्यांच्याऐवजी सेक्रेटरीनं वाचलं. दुसऱ्या रविवारीही त्यानंच वाचलं. पुढे कोणी काही विचारलं नाही.

काकूंना मात्र ती खोली आवडली. मुलं त्यांच्या मांडीवर चढायची. त्या गायच्या तेव्हा मुलं टाळ्या वाजवायची. टेलरकाकांना वाटलं, चला, निभेल.

एका रविवारी एक तरुण आई बाळाला सतरंजीवर ठेवून दुपटं आणायला बाहेर गेली. परत आली तर बाळ काकूंच्या कुशीत झोपलेलं. काकू मान डोलवत खालच्या सुरात काहीतरी गुणगुणत होत्या. आईनं हसून हात पुढे केले. काकूंनी बाळ छातीशी घट्ट धरलं.

"माझी आहे," त्या म्हणाल्या.

"हो काकू, तुमचीच. पण द्या ना आता."

"ही झोपली आहे. तू कोण?"

"अगं, दे तिचं बाळ," टेलरकाका म्हणाले. काकूंनी बाळ आणखी घट्ट धरलं. ते जागं झालं आणि किंचाळायला लागलं. आईनं घाबरून ओढलं, काकूंनी तिच्या हातावर नखं मारली, टेलरकाका मध्ये पडले ते त्या बुटक्या टेबलावरच पडले. बाळ सुटलं, आईकडे गेलं. तिच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली होती. ती रडत होती, बाळ रडत होतं, आणि काकू तर अशा रडत होत्या, की जणू खरंच कोणीतरी त्यांचं मूल हिसकावून नेलं आहे. काचेपलीकडे सगळी मंडळी गीत म्हणायला उभी राहिली होती. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. एकही मान वळली नाही.

त्यानंतर चर्चनं काही सांगायची गरजच उरली नाही. "काही दिवस घरूनच बघतो," टेलरकाकांनी स्वतःच फोन करून कळवलं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं, काका," पाळकसाहेब म्हणाले. आवाजात सुटल्याचा भाव होता. तो त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, हेही टेलरकाकांना जाणवलं.

घरी उपासना फोनवर लागायची. मशीनवर पुस्तकांच्या टेकूनं फोन उभा करून दोघं समोर बसत. काकूंनी पहिल्यांदा वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे सगळे एवढे लहान कसे झाले?" मग त्यांचा त्यातला रस संपला. त्या उठून कपाटातली कापडं काढून घड्या मोडत बसायच्या.

प्रभुभोजन घेऊन पाळकसाहेब पहिल्या महिन्यात आले, मनापासून प्रार्थना करून गेले. पुढच्या महिन्यात सेक्रेटरी आला, गाडी चालूच ठेवून. त्याच्या पुढच्या महिन्यात कोणी आलं नाही. टेलरकाकांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग फोन केला.

"काका, अगदी डोक्यात होतं," सेक्रेटरी म्हणाला. "माणसंच कमी पडतात हो. सगळ्यांना नोकऱ्या."

"बरं. आणि तारमास्तरांकडे कोण जातं?"

"ते... अजून आहेत का?"

टेलरकाकांनी फोन ठेवला. आपण जायचं थांबलो, की ते काम दुसरं कोणी करेल असं त्यांनी धरून चाललं होतं. आयुष्यभर तेच तर पाहिलं होतं. एक वडील थकला की दुसरा बाटली उचलायचा. आता सगळे वडील त्यांच्याच वयाचे होते. एक पोरांकडे गेला होता, एकाला चालताना धाप लागे, एक कबरस्तानात. त्यांनी तारमास्तरांना फोन लावून पाहिला. घंटा वाजत राहिली. बहिऱ्या माणसाला फोन ऐकू येत नाही, हे त्यांना घंटा ऐकता ऐकता आठवलं. स्वतः जावं तर काकूंना एकटं कसं टाकणार? दोनदा त्यांनी कोट चढवला आणि दोनदा उतरवला.

एका रविवारी त्यांनी कधी केलं नसतं ते केलं. पाळकाशिवाय प्रभुभोजन नाही, हे त्यांनी स्वतः किती जणांना सुनावलं होतं. त्या दिवशी त्यांनी टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड घातलं, पावाचा तुकडा मोडला, चहाच्या दोन कपांत द्राक्षरस ओतला, आठवतील ते शब्द म्हटले. काकूंच्या तोंडात तुकडा दिला. काकूंनी तो चावला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "याला काही लावलं नाही का?"

टेलरकाकांना हसू फुटलं. हसता हसता ते खुर्चीत बसले, आणि मग बराच वेळ त्यांना उठताच आलं नाही. काकू त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, अनोळखी पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

थंडी आली आणि काकूंचं गाणं कमी झालं. आधी स्वतःहून गायच्या. मग टेलरकाका पहिली ओळ म्हणत, तेव्हा त्या दुसऱ्या ओळीला खालून येऊन मिळत. टेलरकाकांचा आवाज भसाडा, पण त्यांनी हे रोजचं काम करून टाकलं. कपडे घालताना एक गीत, औषधाच्या वेळी एक. मग काकूंचे नुसते ओठ हलायला लागले. मग तेही थांबले. टेलरकाका पहिली ओळ म्हणून थांबत, काकू त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहत, आणि ते दुसरी ओळ एकटेच म्हणून टाकत.

"शांत झाल्यात, ते एका अर्थी बरंच," डॉक्टर म्हणाले. "तुमची ओढाताण कमी होईल."

ओढाताण खरोखरच कमी झाली. बसवलं तिथे त्या बसत, उठवलं की उठत. औषधांच्या दुकानात त्या अशाच बाकावर बसल्या असताना सेक्रेटरीनं त्यांना पाहिलं. दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला.

"काका, आनंदाची बातमी ऐकली! काकू खूप बऱ्या आहेत म्हणे आता. रविवारी या ना. ज्येष्ठांचा सन्मान करायचा आहे, पहिला बाक तुमच्यासाठी ठेवतो. शास्त्रपाठ तुम्हीच वाचायचा."

बऱ्या नाहीत, असं सांगायला टेलरकाकांनी तोंड उघडलं होतं. पण गेलं वर्षभर ते याच फोनची वाट बघत होते. "येतो," ते म्हणाले.

मुलीला फोनवर कळवलं, तेव्हा ती हरखली. "बघा बाबा, मी म्हणत नव्हते? वाईट नाहीत हो ती माणसं."

"वाईट कोण म्हणतंय?" टेलरकाका म्हणाले.

रविवारी सगळे भेटायला आले. खरंच प्रेमानं आले. काकूंचे हात हातात घेऊन बायका म्हणत होत्या, "किती छान दिसताय! चेहऱ्यावर किती शांती आहे!" ती बाळाची आईसुद्धा आली, तिनं काकूंना मिठी मारली आणि डोळे पुसले. बाळ आता चालायला लागलं होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

टेलरकाका पुढे गेले, चष्मा लावला, पाठ वाचला. म्हातारपणाबद्दलचाच पाठ नेमून दिलेला होता. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. मंडळी मनापासून आमेन म्हणाली. मग गीत सुरू झालं. ते जागेवर आले, काकूंना धरून उभं केलं आणि पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. काकू छताच्या पंख्याकडे बघत होत्या. टेलरकाका कान देऊन थांबले, गाणं कुठे पातळ होतंय ते ऐकायला. ते कुठेच पातळ होत नव्हतं. गायनसंघाच्या बाजूला नवा कीबोर्ड होता, त्यानं खालचे सगळे सूर भरून टाकले होते. गाणं अगदी भरीव होतं. कशाचीच उणीव नव्हती.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, आता काकूंचं जरा स्थिरस्थावर झालंय, तर घरोघरीचं प्रभुभोजन पुन्हा घ्याल का मनावर? तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

टेलरकाका हो म्हणाले. नाही म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. रविवार प्रभुभोजनाचाच होता; हात आपोआप बाटलीकडे गेला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी काकूंपाशी बसायला तयार झाल्या, आणि ते त्याच दुपारी गाव ओलांडून तारमास्तरांकडे निघाले.

तीन मजले चढताना ते प्रत्येक वळणावर थांबले. आतून हाक आली नाही. दार नुसतंच लोटलेलं होतं. तारमास्तर खिडकीकडे तोंड करून पडले होते. निम्मे झाले होते. खांदे तर उरलेच नव्हते.

"मी आलोय," टेलरकाका त्यांच्या कानाशी ओरडले. "उशीर झाला. माफ करा."

तारमास्तरांनी मान वळवली. ओळख पटली. रागावले नाहीत. टेलरकाकांनी स्टुलावर कापड पसरलं, भाकर ठेवली, बाटलीचं झाकण उघडलं. सवयीनं म्हणाले, "रस आंबलेला नाही, बघा."

"राहू द्या ते," तारमास्तर म्हणाले.

"काय?"

"राहू द्या. सुरुवातीला मी दर रविवारी उशीला टेकून बसायचो. दाढी करून. शेजारीण म्हणायची, आडवे व्हा, कोणी येणार नाही. मी ऐकायचो नाही." ते दम घ्यायला थांबले. "मग एकदा वाट बघणं बंद केलं. तेव्हा कुठे झोप लागायला लागली. आता पुन्हा मला ती सवय लावू नका."

"आता मी दर महिन्याला येईन. शब्द देतो."

"तुम्ही याल हो. पण तुम्हीसुद्धा म्हातारे आहात."

टेलरकाका स्टुलाकडे वळले. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात घेतला, तारमास्तरांच्या ओठांजवळ नेला. तारमास्तरांनी ओठ मिटून घेतले, रुसलेल्या मुलासारखे नव्हे, अगदी शांतपणे, आणि तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. जाताना प्रार्थना तरी करावी म्हणून टेलरकाका उभे राहिले. शब्द सगळे पाठ होते. पहिला शब्द काही तोंडातून बाहेर येईना. त्यांनी चादर नीट केली आणि दार लोटून घेतलं.

जिन्याच्या वळणावर ते पायरीवर बसले. आशीर्वाद दिलेली भाकर टाकून देता येत नाही. त्यांनी ती तिथेच खाल्ली आणि बाटलीतला रस पिऊन टाकला. चव कशाचीच लागली नाही.

घरी आले तेव्हा काकू त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून बसल्या होत्या. "काही त्रास नाही हो," वहिनी उठत म्हणाल्या. "आहेत की नाहीत तेसुद्धा कळत नाही."

पुढच्या रविवारी ते दोघं पुन्हा चर्चला गेले. दुसरं कुठे जायचं हे टेलरकाकांना सुचलं नाही.